तलावाला महिना कळत नाही

कोणाचंही एका पैशाचं देणं मागे न ठेवता जाणं फार थोड्यांच्या नशिबी असतं, आणि दौलतराव त्या थोड्यांपैकी एक होते. हे वाक्य माझं नाही. दौलतच्या तेरवीला, तलावाच्या पाळीजवळ, बांधाला लागून घातलेल्या मांडवात, तालुक्याहून आलेल्या एका पुढाऱ्यांनी ते माईकवरून म्हटलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मांडवामागे, कडुनिंबाखाली, दौलतची पांढरी पिकअप उभी होती आणि तिचे अकरा हप्ते बाकी होते. पुढारी ज्या गाडीतून आले तिचे किती बाकी होते ते मला ठाऊक नाही, पण भाषण संपेपर्यंत तिचा एसी चालूच होता. व्यासपीठावर दौलतचा मोठा फ्लेक्स लावला होता. फोटोत त्याच्या डाव्या खांद्यामागून काहीतरी सोनेरी, गोल, चकचकीत डोकावत होतं. कोणाला ते पदक वाटलं, कोणाला तेजोवलय. एका म्हातारीनं तर खास तेवढ्याला हात जोडले. त्याचा चांगला फोटो हा एकच होता, आणि तो गाडीच्या शोरूममध्ये, कर्जाच्या कागदांवर सही केल्यावर लगेच काढलेला होता. सोनेरी गोल म्हणजे शोरूमवाले गिऱ्हाइकाच्या हाती देतात त्या पुठ्ठ्याच्या हातभर किल्लीची मूठ. फ्लेक्सवाल्यानं किल्ली कापली होती, मूठ राहून गेली होती.

आम्ही एकाच गावचे, मूल तालुक्यातले, एकाच वर्गातले. तो ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा, मी मास्तराचा, आणि पुढे मीही मास्तरच झालो. आमच्यात ज्यानं आयुष्यात काही केलं तो दौलत. शाळेच्या वाटेवर गावातल्या किराणा दुकानदाराचा गोठा होता आणि त्यात एक म्हातारा, एक शिंग मोडलेला बैल बांधलेला असायचा. दौलत रोज त्या बैलापुढे थांबायचा, मूठभर गवत टाकायचा आणि म्हणायचा, "राम राम, आजा." त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं की तुझा आजा दुकानदाराचं देणं ठेवून मेला, म्हणून तो बैल होऊन ते फेडून राहिला आहे. मी तेव्हाही शंकेखोर होतो. मी त्याला हिशोब करून दाखवला की तुझा आजा मेला त्याच्या आधीपासून हा बैल इथे आहे. दौलतनं थोडा विचार केला. "मंग पणजा असन," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दोन मुठी गवत घेऊन आला. पुढे आयुष्यभर मी त्याला बऱ्याच गोष्टी तर्कानं पटवून दिल्या. त्याचा शेवट साधारण असाच व्हायचा.

त्या बैलानं दौलतला नगदीचा माणूस केलं. टपरीवर सुटे नसले तर तो चहाच पीत नसे. लग्नात बँडवाला म्हणाला, "उद्या द्या ना भाऊ," तर यानं वरात थांबवून पैसे दिले. गावात त्याला चिडवायचे, "दौलतचा श्वासबी नगद हाय, आधी सोडते मंग घेते." तलाव गावच्या मच्छीमार संस्थेकडे आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोठं जाळं पडतं, सगळा मोहल्ला ओढतो आणि पाळीवर मासळीचे वाटे पडतात. ज्याच्या घरी सुतक आहे किंवा कोणी अंथरुणाला खिळलं आहे, त्यानं दोरीला हात लावला नाही तरी त्याचा वाटा पडतो. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, म्हणून अजून पाळली जाते. मात्र वाटा पडला की पाळीवर व्यापारी उभा असायचा. काटा त्याचा, बर्फ त्याचा, गाडी त्याची, म्हणून भावही त्याचाच. रोहू-कतला तासाभरात विकला नाही तर तो मासा राहत नाही, हे व्यापाऱ्याला माहीत होतं आणि आम्हालाही. दौलतचं म्हणणं एवढंच होतं की आपली एक गाडी हवी, बर्फाच्या पेटीसकट, म्हणजे मासळी आपण चंद्रपूरच्या बाजारात नेऊ. आणि ती गाडी नगद हवी. मुलीचं लग्न धानोऱ्याला करून दिल्यावर नवरा-बायकोनं त्यासाठी वर्षानुवर्षं पैसा बाजूला ठेवला. कौसल्या, त्याची बायको, पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जायची आणि ती मजुरीही त्यातच पडायची.

ज्या उन्हाळ्यात पैसे पुरे झाले, त्याच उन्हाळ्यात जाळं ओढताना दौलतच्या छातीत कळ आली आणि तो दोरी हातात धरूनच पाण्यात बसला. लोकांना वाटलं पाय घसरला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं. बाहेरची औषधं, नागपूरचं राहणं, नंतर कित्येक महिने जाळ्याला हात न लावणं हे योजनेत बसत नव्हतं. म्हणजे पैसा एक होता आणि त्याला जायला दारं दोन होती. गाडी सोडून द्यावी हे दोघांच्याही बोलण्यात आलं नाही. जाळं ओढता येणार नसेल तर गाडीशिवाय खायचं काय, हा प्रश्न होताच. मला पंच म्हणून बोलावलं होतं. मी अंगणात खाटेवर बसलो. पुढचा तासभर पंचाला कोणी काही विचारलं नाही.

"गाडी नगद घेऊन टाकतो," दौलत म्हणाला. "मी राह्यलो का नाई राह्यलो, गाडी तुही. कोणाचा बाप हात नाई लावू शकत."

"अन् नागपूरले कायच्या भरवशावर जाता?"

"पाहू ना. गोळ्यायनं बरं वाटून राह्यलं."

"बरं वाटून राह्यलं म्हने! पायरी चढले का भिंत धरता." कौसल्या सूप पाखडत होती, तिनं ते खाली ठेवलं. "गाडी नगद, अन् नवरा उधारीवर ठेवता का माहा?"

दौलत माझ्याकडे बघायला लागला. मी खाटेच्या दोरीकडे.

"हप्त्यावर घ्याची म्हनते," तो मला म्हणाला, जणू ती तिथे नव्हतीच. "अन् मी मधातच खपलो तं? देणं ठेवून? बैल होऊ का त्याईच्या दारात?"

"व्हा ना बैल," कौसल्या म्हणाली. "मी चारा आणून टाकीन. पण आता तं माणूस राहा..."

आणि ती उठून आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत होता, जो स्वयंपाकाचा नव्हता.

शोरूममध्ये जायच्या दिवसापर्यंत निकाल लागलेला नव्हता. दौलतनं पैशाची पिशवी घेतली होती ती नगद द्यायच्या इराद्यानं, आणि कौसल्या सोबत आली होती ती देऊ न देण्याच्या. मी दोघांच्या मध्ये. चंद्रपूरचं ते शोरूम सगळं काचेचं, आत इतकं थंड की दौलतनं दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळला. टाय लावलेल्या एका तरुणानं आम्हाला पाणी दिलं आणि पिशवी पाहून हसला. "काका, दोन लाखांवर नगद आम्ही घेऊच शकत नाही. कायदाच आहे. बँकेतून द्यावे लागतील. आणि खरं सांगू, नगद कशाला देता? फायनान्सवर घ्या, सीट कव्हर फ्री, मॅट फ्री."

"अन् नगदवाल्याले?"

"नगदवाल्याला... काही स्कीम नाही काका."

"म्हणजे जो पुरे पैसे देते त्याले काई नाई, अन् उधारवाल्याले सीट कव्हर?" दौलत माझ्याकडे वळला. "काऊन बे मास्तर, हेच शिकवलं का तू पोट्ट्यायले?"

मी त्या पोराला शिकवलेलं नव्हतं, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. सबंध आयुष्य ज्या गोष्टीला दौलत अब्रू समजत आला, तिला त्या काचेच्या दालनात साधं गिऱ्हाइकाचं अडाणीपण समजत होते, आणि तेही अगदी प्रेमानं. तरुणानं कॉम्प्युटरवर हप्ता काढून दाखवला. माजरीच्या खाणीतले किती लोक अशा गाड्या नेतात, कोणाला काही त्रास नाही, हेही सांगितलं.

"त्याईले पगार हाय," दौलत म्हणाला. "एक तारीख आली का खात्यात पैसा. माहा पैसा तलावात हाय बाबू. तलावाले महिना समजत नाई. त्याले उन्हाळा समजते."

"होईल मॅनेज, काका."

"अन् मी मेलो तं?"

तरुणाचा चेहरा पडला. "असं अभद्र कशाला बोलता?"

"अभद्र नाई. विचारून राह्यलो."

कर्जाला विमा असतो, कर्जदार गेला तर बाकी हप्ते विमा भरतो, असं त्यानं समजावलं आणि सवयीनं विचारलं, काही आजार वगैरे? दौलतनं सगळं सांगितलं. नागपूर, डॉक्टर, तारीख. तरुण पोटतिडकीनं म्हणाला, काका, हे तुम्ही सांगितलंच नाही असं समजू का? दौलत म्हणाला, "काऊन? मी तं आत्ताच सांगितलो." विमा मिळाला नाही. आता तरी हा उठणार, असं मला वाटलं. तो उठलाही. पिशवी घ्यायला त्यानं हात पुढे केला तर पिशवी कौसल्याच्या मांडीवर होती आणि तिचे दोन्ही हात त्यावर होते. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. काचेबाहेर रस्ता तापला होता आणि आत एसीचा आवाज होता... दौलत परत खाली बसला. "कुठी सही कराची?" त्यानं विचारलं. पिशवीतले थोडे बँकेत टाकून पहिला भरणा झाला, उरलेला पैसा पिशवीत राहिला, आणि मग टाळ्या झाल्या, पेढा झाला, पुठ्ठ्याची किल्ली आली आणि फोटो निघाला. फोटोत तो हसत नाही. तेरवीला पुढाऱ्यांनी त्या चेहऱ्याला करारी म्हटलं.

ऑपरेशन झालं. पिशवी नागपुरात रिकामी झाली, ती ज्यासाठी कौसल्यानं धरून ठेवली होती त्यासाठीच. दौलत छातीवर उभी शिवण घेऊन परत आला आणि त्याला जाळं ओढायला बंदी झाली, गाडी चालवायलाही. व्यापारी खूश झाला असावा, पण थोडेच दिवस. पुढच्या उन्हाळ्यात, पाणी मागे हटून तलावाचा तळ उघडा पडला तिथे, कौसल्या गाडी शिकली. पन्नाशी ओलांडलेली बाई, कासोटा घातलेली, भेगाळलेल्या चिखलावर गोल गोल फिरत होती आणि दौलत पाळीवर बसून ओरडत होता, "क्लच! क्लच दाब! पायाखाली पाह्य!" ती ओरडायची, "पायाखाली पाहू का समोर पाहू?" आपटण्यासारखं तिथे काही नव्हतं, तरी एक बगळा थोडक्यात वाचला. मग लायसन झालं आणि ती स्वतः चंद्रपूरच्या बाजारात जायला लागली. दौलत शेजारी बसायचा, गुडघ्यावर दुपट्टा पसरून. लोकांना वाटायचं, तो बायकोवर लक्ष ठेवतो. खरं म्हणजे तो गाडीवर लक्ष ठेवायचा. आवाज बदलला, वास आला, रस्त्यात कोणी टक लावून पाहिलं की तो ताठ व्हायचा. जी वस्तू आपली आहे पण पूर्ण आपली नाही, तिच्यात बसणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही.

मग त्यानं ती चूक केली. तो आजवर लबाडी करू शकला नव्हता, पण ही चूक फक्त तलावावरचा माणूसच करू शकतो. त्या उन्हाळ्यात मासळी चांगली निघाली. हातात पैसा होता, आणि हातातला पैसा पावसाळ्यात पाण्यासारखा जातो हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं अख्ख्या वर्षाचे हप्ते एकदमच भरून टाकले, मूलच्या एका बिलं भरायच्या दुकानातून, आणि निश्चिंत झाला. वाटा एकदाच पडतो, देणंही एकदाच द्यावं. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला मात्र यात पुढचे हप्ते दिसले नाहीत. त्याला दिसलं की कोणा भल्या माणसानं मुद्दल थोडी लवकर फेडली. त्यानं ती रक्कम मुद्दलात टाकली आणि पुढच्या महिन्यात ठरल्या तारखेला पुन्हा खात्यात हात घातला. खातं रिकामं होतं. फोन यायला लागले. दौलत त्यांना सांगायचा, वर्षाचे भरले, आणि फोन ठेवायचा. हल्ली फोनवरून पैसे मागणारे सगळे चोर असतात असं टीव्हीवर रोज सांगतात, त्यामुळे काहींना त्यानं आया-बहिणींवरूनही ऐकवलं.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. मला डोळे दाखवायला चंद्रपूरला जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या गाडीत बसलो. कौसल्या स्टिअरिंगवर, मध्ये दौलत, खिडकीशी मी, मागे पेट्यांत बर्फाखाली लहान जाळ्यांत निघालेले रोहू आणि पाण्याच्या डब्यात मरळ. मूल-चंद्रपूर रस्त्यावर, जंगल सुरू होऊन बरंच आत आल्यावर, एका मोटरसायकलनं आम्हाला ओलांडलं आणि आडवी झाली. दोघे उतरले. एकानं गाडीचा नंबर मोबाइलमधल्या नंबराशी ताडून पाहिला.

"किल्ली द्या बाई. हप्ते थकले. गाडी जमा करायची आहे."

"वर्षाचे भरले ना!" दौलत एवढंच म्हणाला, आणि त्याचा हात छातीकडे गेला.

मी कागद मागितला. त्यांनी मोबाइल दाखवला. मी म्हटलं, हा कागद नाही. तो म्हणाला, आजकाल हाच कागद असतो. एव्हाना आमच्या मागे चार गाड्या थांबल्या होत्या, कारण त्या रस्त्यावर गाडी मध्येच थांबली तर लोक समजतात वाघ आहे. कोणी काचा वर घेतल्या, कोणी मोबाइल बाहेर काढले. "कुठी हाय? कुठी हाय?" असं मागून विचारत होते. दौलतनं खिशातली गोळी जिभेखाली ठेवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "देऊन टाक किल्ली," तो हळू म्हणाला. "सारे पाहून राह्यले... उतरू आपण. देऊन टाक." त्या घटकेला मला गाडीची पर्वा नव्हती. मला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि तो नीट येत नव्हता.

कौसल्यानं किल्ली दिली नाही. तिनं आधी त्याच्या कपाळावरचा घाम त्याच्याच दुपट्ट्यानं पुसला. मग खिडकीबाहेर डोकं काढलं.

"गाडी नेयाची हाय ना? कुठी?"

"चंद्रपूरला. यार्डात."

"मीबी चंद्रपूरलेच चालली. तू पुढं हो, मी आणतो. अन् हळू चाल, माणूस बिमार हाय."

वसुलीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या धंद्यात हे बसत नसावं. पण मागून हॉर्न वाजत होते, वाघ नाही हे कळल्यामुळे लोक चिडले होते. शेवटी ते मोटरसायकलवर बसले आणि आम्ही त्यांच्या मागे निघालो, पुढाऱ्याची गाडी पायलटच्या मागे निघते तसे. दौलत डोळे मिटून होता. वाटेत एकदाच बोलला. "बर्फ वितळून राह्यला," तो म्हणाला.

यार्ड म्हणजे पत्र्याच्या कुंपणातलं एक मैदान, आत ओढून आणलेल्या गाड्या धूळ खात उभ्या. कौसल्यानं पिकअप आत घेतली नाही. फाटकात आडवी लावली, किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली, मागचा फाळका पाडला आणि काटा मांडला. मी फोनवर कंपनीच्या साहेबाशी बोलत होतो, तो तिकडून बघून बघून सांगत होता की पैसे आलेले आहेत, पण मुद्दलात आहेत, ते आता तिथून काढता येत नाहीत, थकलेले हप्ते आणि दंड आज भरला तर गाडी सोडतो. माणूस वाईट नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तलाव नव्हता एवढंच. आणि इकडे फाटकात कौसल्या ओरडत होती, "मरळ घ्या, जिवंत मरळ! घ्या बाई, बाजारात असा नाई भेटत!" आधी समोरच्या चाळीतल्या बायका आल्या, मग ऑटोवाले, मग बाजूच्या गॅरेजमधले. बर्फाचं पाणी फाटकातून आत वाहत होतं आणि ओढून आणलेल्या गाड्यांखाली शिरत होतं. दौलत समोरच्या सीटवर, दार उघडं ठेवून, रंग परत येत असलेला. ती पैसे घ्यायची आणि त्याच्या दुपट्ट्यात टाकायची. हप्ते आणि दंड निघाले तेव्हा पेटीत थोडेच मासे उरले होते. दोघांपैकी एक वसुलीवाला जवळ आला, बराच वेळ रोहूकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, एक देता का? पैसे फोनवर टाकतो, उद्या."

"उधार नाई," कौसल्या म्हणाली.

त्यानं सोबत्याकडून पैसे मागून घेतले आणि मासा नेला.

त्यानंतर ती उन्हाळ्यातला पैसा खात्यात टाकून त्याला हात लावत नसे आणि कंपनी आपल्या तारखेला आपला घास काढून नेत असे. कंपनीला पैसा आधी चालत नाही, नंतर चालत नाही, ठरल्या घटकेलाच लागतो. इतका कडक मुहूर्त आमच्या भागात लग्नालाही पाळत नाहीत. ऑपरेशननंतर दौलतला चार उन्हाळे मिळाले. ते नगद गाडीत मिळाले नसते हे त्याला कळत होतं, पण कौसल्यासमोर त्यानं ते कधी कबूल केलं नाही, आणि तिनंही कधी वदवून घेतलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी त्याची शेवटची भेट झाली. जाळं पडलं होतं. पाळीवर पिकअपच्या पुढच्या सीटवर तो बसला होता, पायांना सूज होती. मी शेजारी बसलो. आम्ही दोरी ओढणाऱ्यांकडे पाहत होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "होते का बे खरंच बैल?"

"नाई होत."

"तुले काय मालूम? तू मेला का कधी?"

मी म्हटलं, नाही. त्याला ते पुरेसं वाटलं नाही, मलाही.

"पुस्तकात काय लिहून हाय?"

"दोन्ही लिहून हाय. कोणतं पुस्तक काढलं त्यावर हाय."

तो हसला, मग खोकला आला. "तिले नको सांगू. रातभर तेच डोक्यात फिरते. मरायचं काई नाई रे... पण देणं तिच्या डोक्यावर. अन् कोणाच्या दारात उभं राहू, तेबी मालूम नाई. आपण त्याईचं घर पाह्यलं का कधी? दुकानदाराचा गोठा तं रस्त्यावर होता, येता-जाता दिसे. हे कंपनी कुठी राह्यते? गोठा-बिठा हाय का नाई?"

मी म्हटलं, पाहून येतो. बोलायचं म्हणून बोललो. त्यानं मान हलवली, त्यानं ते ठरलेलं काम समजून घेतलं.

बातमी कौसल्यानंच दिली. दुपारी तिचा फोन आला, "मास्तर, या," एवढाच, आणि मागे रुग्णालयातला गलका. दुखायला लागल्यावर तिनं त्याला पुढच्या सीटवर बसवून स्वतः चंद्रपूरला नेलं होतं. त्या रस्त्यावर वाघासाठी गाड्या थांबल्या होत्या की नाही, हे मी तिला विचारलं नाही. सुतकातच शेवटचं जाळं पडलं आणि रीतीप्रमाणे त्या घरचा वाटा पाळीवर वेगळा काढला गेला. कोणीतरी तो पिकअपच्या फाळक्यावर आणून ठेवला. कौसल्यानं त्याच्यावर बर्फ टाकला. तेरवीची भाषणं संपली, पुढाऱ्यांची थंडगार गाडी गेली, आणि ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मास्तर, कर्ज माह्या नावावर कराले जा लागते. सोबत या. हप्ता तं भरतोच मी, पण त्याईचं नाव तिथी नको. आता मोकळं होऊ दे."

गेल्या आठवड्यात गेलो. तिनं गाडी काढली, मी खिडकीशी बसायला गेलो आणि मधल्या जागेवर त्याचा दुपट्टा तसाच घडी घालून ठेवलेला दिसला. मी तो हलवला नाही. जंगलात एका वळणावर तिनं डावा हात उगाच बाजूला केला, झोपलेल्या माणसाला धक्का बसू नये म्हणून करतात तसा, मग तो परत स्टिअरिंगवर ठेवला. चंद्रपुरात विचारत विचारत कंपनीच्या ऑफिसपर्यंत पोचलो. खाली मोबाइलचं दुकान, बाजूला डॉक्टर. कौसल्या पायरीशी थांबली आणि वर पाहायला लागली. दौलतनं तिलाही तेच विचारलं असणार. तिला सांगू नको असं तो मला म्हणाला होता, पण नवरा-बायकोत अशा गोष्टी लपून राहत नाहीत. आम्ही दोघांनीही नीट पाहून घेतलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, मध्ये दोन वळणं आहेत आणि खाली लोखंडी जाळीचं दार आहे. गोठा नाही. बैल चढू शकत नाही.